स्मरणाची घडण : मेंदूतील ग्राहींचे कार्य

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



महोत्सव समितीने एका कापड व्यापाऱ्याला मेंदूविषयी बोलण्यास सांगितले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझे सारे आयुष्य ताके उलगडण्यात व पुन्हा गुंडाळण्यात गेले. परंतु घरातील एका दुखण्यामुळे गेली काही वर्षे मी स्मरणशक्तीविषयी जे हाती येईल ते वाचीत आलो आणि भेटतील त्या डॉक्टरांना प्रश्न विचारीत आलो. शिवाय हे भाषण ज्या पुस्तकात छापले जाणार आहे, त्याचे नावच मुळी स्मरणिका. पन्नास वर्षांच्या आठवणी आपण कागदावर उतरवीत आहोत. त्या आठवणी कागदावर येण्यापूर्वी माणसाच्या डोक्यात कशा टिकून राहतात, हे समजून घेणे प्रसंगाला धरूनच होईल. आपल्या पाठशाळेतील मुलांना आपण कसे शिकवतो आणि घरातील वृद्धांना कसे वागवतो, याच्याशी या विषयाचा थेट संबंध आहे.

प्रारंभ आपल्या शेताच्या बांधावरून करू. धोत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. तुतारीसारखे फूल, काटेरी फळ. त्याचे बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्ट होतो आणि समोर नसलेल्या वस्तू हातांनी वेचू लागतो. शुद्धीवर आल्यावर मधल्या वेळेचे त्याला धड काही आठवत नाही. ब्रिटिश अमदानीतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत, वाटसरूंना अन्नातून धोत्रा देऊन लुटल्याच्या नोंदी आहेत. माणूस निपचित पडे हा चोराचा एक लाभ. लुटणाऱ्याचा चेहरा त्याला नीट आठवत नसे, हा दुसरा.

एक बी आठवण कशी पुसते? धोत्र्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांपैकी एकाचे नाव ॲसिटिलकोलीन. हे रसायन किल्लीप्रमाणे असते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणावर त्याच्या मापाचे कुलूप असते. या कुलपाला इंग्रजीत रिसेप्टर म्हणतात. मी त्याला ग्राही म्हणणार आहे. धोत्र्यातील द्रव्य या कुलपात शिरते, परंतु फिरत नाही. कुलूप उघडत नाही आणि खरी किल्ली बाहेर ताटकळत राहते. निरोप पोहोचला नाही म्हणजे त्याची नोंदही होत नाही. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या आणि काही झोपेची औषधे याच ग्राहींना थोड्याफार प्रमाणात अडवितात. म्हणून ऐंशीच्या घरातील आजोबा अशी गोळी घेतल्यावर एकाएकी गोंधळून गेले, तर त्यांचे डोके बिघडले असे ठरविण्यापूर्वी औषधांची पिशवी डॉक्टरांना दाखवावी.

आता थोडे खोलात जाऊ. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील प्रत्येकीचे हजारो पेशींशी संधान असते. परंतु जेथे दोन पेशी भेटतात तेथे त्या चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातील एक भाग, इतकी ती अरुंद. तिला चेतासंधी म्हणतात. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडचे ग्राही ते झेलतात. आठवण साठविण्याची पेटी मेंदूत कोठेही सापडलेली नाही. आपण काही शिकतो तेव्हा या संधी बदलतात, काही मजबूत होतात, काही दुबळ्या. बरोबर काम करणाऱ्या पेशींचे नाते घट्ट होत असावे, असा तर्क कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता. पुढे नॉर्वेचे तेर्ये लोमो आणि इंग्लंडचे टिमोथी ब्लिस यांनी ऑस्लो येथे सशाच्या मेंदूवर काम करून १९७३ मध्ये दाखवून दिले की, एका वाटेने जलद संदेशांची सर पाठवली की तीच वाट पुढे कित्येक तास अधिक जोरकस उत्तर देते. तर्काला प्रयोगाचा आधार मिळाला.

हे घडवून आणणारा ग्राही एनएमडीए या नावाने ओळखला जातो. त्याची रीत आपल्यासारख्या हिशेबी माणसाला फार आवडावी अशी आहे. आपल्या न्यासाच्या बँक खात्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात. एक सही कितीही ठसठशीत असली तरी धनादेश वटत नाही. एनएमडीए ग्राहीचेही तसेच. अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे रसायन पाठवून त्याच्यावर टेकवले, ही पहिली सही. परंतु त्या दारात मॅग्नेशियमचा एक कण बुचासारखा अडकून बसलेला असतो. पलीकडची पेशी त्याच वेळी स्वतः पुरेशी उत्तेजित असेल तरच ते बूच बाहेर फेकले जाते. ती दुसरी सही. दोन्ही एका वेळी झाल्या की दार उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. मॅग्नेशियमच्या या पहाऱ्याचा उलगडा १९८४ मध्ये झाला. घंटेचा आवाज आणि आरती, किंवा एखाद्या व्यक्तीचा चेहरा आणि नाव, यांची जोड मनात बसते ती अशा दुहेरी सहीने.

कॅल्शियम आत गेल्यावर पेशीत कामांची मोठी मालिका सुरू होते. तिचा एक परिणाम असा की, एएमपीए नावाचे दुसऱ्या जातीचे ग्राही आतून वर येऊन त्या संधीवर बसतात. एखाद्या गावचे गिऱ्हाईक वाढले की आपण दुकानात त्या बाजूची गादी ऐसपैस करतो, माणूस वाढवतो. पुढच्या खेपेस त्या गावच्या माणसाला तिष्ठावे लागत नाही. संधीवर ग्राही वाढले की तोच निरोप पुढच्या वेळी जोरात ऐकू येतो. हा बदल दीर्घकाळ टिकवायचा असेल तर पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. एका बैठकीत पन्नास वेळा घोकण्यापेक्षा रोज थोडे, दिवसांचे अंतर ठेवून केलेले पाठांतर अधिक टिकते, हे जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून नोंदविले होते. आपल्या पाठशाळेत रोज एक गाथा देण्याची पद्धत आहे, ती म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करविण्याची पद्धत तशी वाटत नाही.

रात्रीच्या झोपेविषयी बोलताना मला रोजमेळ आणि खतावणी आठवते. दिवसभराचे व्यवहार आपण घडतील त्या क्रमाने रोजमेळात लिहितो आणि सवडीने ते खातेवार खतावणीत चढवितो. मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो नव्या घटनांचा रोजमेळ होय. झोपेत त्यातील नोंदी मेंदूच्या वरच्या थरांत हळूहळू चढविल्या जातात. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. बालपणीच्या गोष्टी तो सांगे, बुद्धीही शाबूत होती. परंतु नवी नोंद होईना. नुकत्याच भेटलेल्या माणसाला तो काही मिनिटांनी नव्याने भेटल्यासारखा भेटे. २००८ मध्ये त्याचे निधन झाले, तोपर्यंत हेच चालले. खतावणी कपाटात सुरक्षित आणि रोजमेळच नाही, अशी ती अवस्था. वृद्धांच्या विस्मरणातही पुष्कळदा हाच क्रम दिसतो. साठ वर्षांपूर्वी पाठ केलेली प्रतिक्रमणाची सूत्रे एखादी आजी अडखळल्याशिवाय म्हणते आणि दुपारी जेवले की नाही हे विचारते. घरच्यांना ते सोंग वाटते. ते सोंग नसते.

एनएमडीए ग्राहीचा शिकण्याशी संबंध खात्रीने दाखविणारा प्रयोग ब्रिटनच्या रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. गढूळ पाण्याच्या हौदात न दिसणारा एक चौथरा ठेवला. पोहणारे उंदीर काही दिवसांत त्याची जागा शिकत. ज्यांच्या मेंदूतील हा ग्राही औषधाने बंद केला होता ते पोहत छान, परंतु जागा त्यांच्या ध्यानात राहत नसे. १९९९ मध्ये अमेरिकेत जो त्सिएन यांनी या ग्राहीचा एक घटक मुद्दाम वाढविलेले उंदीर तयार केले आणि ते अधिक लवकर शिकले. त्या वेळी बुद्धी वाढविण्याच्या गोळीची पुष्कळ चर्चा झाली. दोन वर्षांनी असे आढळले की, अशा उंदरांना सूज आल्यावरच्या वेदना अधिक तीव्र जाणवतात. ग्राही वाढवला म्हणजे फक्त नफा वाढतो, असे निसर्गाच्या वहीत दिसत नाही. बाजारात बुद्धिवर्धक म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांकडे मी त्यामुळे शंकेनेच पाहतो.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मी ससे आणि उंदीर यांची नावे घेतली तेव्हा आपणांपैकी अनेकांच्या चेहऱ्यावर अस्वस्थता उमटली, आणि ती उमटायलाच हवी. यातील बरेचसे ज्ञान मुक्या जिवांवरील प्रयोगांतून आले आहे. आपल्या देशात १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे, पेशी व संगणक यांचा वापर वाढतो आहे, तरीही प्रश्न सुटलेला नाही. आपल्या आजारी वडिलांना दिली जाणारी गोळी याच वाटेने आलेली असते. ती नाकारावी असे मी म्हणत नाही. ती कोठून आली हे विसरू नये, इतकेच माझे मत आहे.

आपल्या परंपरेत स्मरणाला मोठे स्थान आहे. आगम प्रथम मुखोद्गत होते आणि लेखन नंतर आले. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून दाखविला होता. पुढे त्यांनी असे जाहीर प्रयोग सोडून दिले. शतावधानाला आपण स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणतो, परंतु अवधान या शब्दाचा अर्थ स्मरण नसून लक्ष असा आहे. आपले लक्ष लागलेले असते तेव्हा ॲसिटिलकोलीन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने आपापल्या ग्राहींवर काम करून संधी मजबूत होणे सोपे करतात. मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे आपण पाठशाळेत शिकलो. प्राचीन आचार्यांना ग्राही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो, कारण ते खरे नाही आणि त्यांच्या थोरवीला त्याची गरजही नाही. त्यांनी लावलेला क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. धारणा शेवटी येते. जे निश्चित कळलेच नाही ते धारण कसे होणार? अर्थ न सांगता मुलाकडून पाठ करून घेणे म्हणजे मधले दोन टप्पे गाळून चौथ्यावर उडी मारणे होय.

भीतीविषयी अधिक स्पष्ट बोलतो. पाठ झाले नाही की कान पिळणे, सर्वांसमोर उभे करणे, हे आमच्या लहानपणी सर्रास चाले आणि आजही पूर्ण थांबलेले नाही. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग भीतीची नोंद ठेवतो आणि तेथेही तोच दोन सह्यांचा ग्राही काम करतो. तेव्हा भेदरलेले मूल काहीच शिकत नाही असे नव्हे. ते छडी शिकते, खोली शिकते, गुरुजींचा आवाज शिकते, आणि गाथा राहून जाते.

या संदर्भात आपल्या मुंबईतच मोठे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ विदिता वैद्य गेली अनेक वर्षे सेरोटोनिन या रसायनाचे ग्राही आणि मनाची अवस्था यांचा अभ्यास करीत आल्या आहेत. त्यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवले, तर ती मोठी झाल्यावरही घाबरट राहतात. त्यांच्या गटाने २०११ मध्ये असे दाखविले की, त्या कोवळ्या काळात सेरोटोनिनचे विशिष्ट ग्राही औषधाने रोखले तर पुढची ती घाबरट वृत्ती उद्भवत नाही. म्हणजे बालपणीचा ताण विरून जात नाही, तो ग्राहींच्या मार्गाने मेंदूत घर करतो. उंदरावरून माणसाकडे येताना सावधपणा हवा, हे मी जाणतो. तरी मुलांना शिकवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे इतके ते महत्त्वाचे आहे.

आता वार्धक्याकडे वळतो. माझ्या थोरल्या बंधूंना सत्तरीनंतर विस्मरण जाणवू लागले. ज्यांना शंभर गावांची उधारी तोंडपाठ असे, ते एका सकाळी दुकानाचे कुलूप उघडून किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले. नातेवाईक म्हणाले, वय झाले. वहिनींना ते पटले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले, पायांची संवेदना तपासली, थायरॉइड व रक्ताच्या तपासण्या केल्या, तेव्हा ब जीवनसत्त्वांतील बी-१२ अत्यंत कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर पायांचा बधिरपणा उतरला, बोलण्यात तरतरी आली. विस्मरण पूर्णपणे गेले नाही. काही झीज आधीच झालेली होती. परंतु जे परत मिळाले ते घराला फार मोठे वाटले.

बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. आपल्यासाठी दूध, दही, ताक हाच त्याचा मार्ग, आणि तो पुष्कळदा पुरा पडत नाही. रोजची गरज किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातील साधारण दोन. इतक्या थोड्याने चेतातंतूंचे वेष्टण टिकते. ते कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचते, आणि हे द्रव्य एनएमडीए ग्राहीवर बसून त्याला नको तेव्हा चेतवू शकते, असे १९९७ मध्ये प्रयोगशाळेतील चेतापेशींवर आढळले. सहीविना धनादेश वटू लागले तर खाते रिकामे होणारच.

हा परदेशातील विषय नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होते आणि शाकाहारींमध्ये ही कमतरता असण्याचा धोका सुमारे साडेचार पट होता. त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास १९९३ पासून केला आहे. ज्या मातांमध्ये गरोदरपणी बी-१२ फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकविण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली, असे २००८ मध्ये त्यांनी नोंदविले. आपल्या सुनांच्या ताटाकडे आणि गोळ्यांकडे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे, याचे याहून मोठे कारण मला माहीत नाही.

या उपायासाठी आहाराचे व्रत सोडावे लागत नाही. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, मांसातून काढीत नाहीत. कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. म्हणून साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होण्याचा संभव अधिक. आपल्या व्यापारी वर्गात असे लोक किती आहेत, हे मी सांगायला नको.

सर्वच विस्मरण बी-१२ चे नसते. अल्झायमर हा वेगळा आजार आहे. त्यात दिले जाणारे डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकविते, धोत्र्याच्या अगदी उलट. मेमँटिन हे दुसरे औषध एनएमडीए ग्राहीवरील अतिरेकी गलका कमी करते. ही औषधे रोग मुळापासून काढीत नाहीत, काही काळ आधार देतात. तो काळही मोलाचा असतो.

महोत्सवानिमित्त न्यास आरोग्य शिबिर घेत आहे. त्यात नेत्र, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी ठरलेलीच आहे. साठ वर्षांवरील सर्वांसाठी आणि गर्भवती भगिनींसाठी बी-१२ ची तपासणीही त्यात समाविष्ट करावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. तिच्या खर्चातील माझा वाटा मी आजच कार्यालयात नोंदवून जात आहे. शिबिराला येताना घरात चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी बरोबर आणावी आणि ज्यांना किल्ली हातात घेऊन थांबावे लागते आहे, त्यांना सोबत घेऊन यावे. जय जिनेंद्र.